डाव्या कानाच्या निळ्या फुल्या

येना शहरात ट्रामच्या एका थांब्यासमोर श्रवणयंत्रांचं दुकान आहे. तिथे मी चौदा वर्षं काम करते. लोकांची ऐकण्याची तपासणी करायची, कानाचा साचा घ्यायचा, त्यावरून यंत्राचा कानातला तुकडा घडवायचा आणि तो नीट बसेपर्यंत घासत राहायचं. मुंबईत मी याच विषयाची पदवी घेतली होती. नवऱ्याला इथल्या भिंगांच्या संशोधनात नोकरी लागली म्हणून आम्ही आलो, तेव्हा त्या पदवीचा काही उपयोग झाला नाही. तिशी उलटल्यावर पुन्हा तीन वर्षं आउसबिल्डुंग, म्हणजे उमेदवारी, करावी लागली. वर्गातली बाकीची मंडळी एकोणीस-वीसची. त्याचं तेव्हा फार वाईट वाटायचं. नवरा गेल्यापासून अशा पुष्कळ गोष्टींचं वाईट वाटणं आपोआप थांबलं आहे.

हे लिहिते आहे ते एका ग्राहकाबद्दल. तो रॅप गातो. या देशात जे चाललं आहे त्याबद्दल गातो, आणि ते फारसं बरं चाललेलं नाही असं त्याचं म्हणणं असतं.

पहिल्यांदा आला तेव्हा पंचविशीचा होता. डोक्यावर टोपी, हातात सायकलचं हेल्मेट. मोठ्या आवाजात काम करतो, कानांना संरक्षण हवं आहे, असं म्हणाला. आमच्या मालकीणबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "कुठल्या कारखान्यात?"

"कारखाना बंद झाला," तो म्हणाला. "त्याच्याबद्दल गातो."

त्याचे वडील काचेच्या कारखान्यात होते. दोन जर्मनी एक झाल्यावर तो कारखाना बंद पडला आणि वडील पुढची वीस वर्षं प्लाटेनबाउमधल्या, म्हणजे त्या एकसारख्या सिमेंटच्या इमारतींतल्या, पाचव्या मजल्यावर खिडकीशी बसून राहिले. हे सगळं त्याने मी दुर्बिणीने त्याचा कान बघत असतानाच सांगितलं. गाणाऱ्या माणसाचा साचा घेताना त्याच्या दातांत एक ठोकळा धरायला देतात, कारण तोंड उघडलं की कानाची नळी थोडी रुंद होते आणि मिटलेल्या तोंडाने घेतलेला साचा गाताना निसटतो. तो घरभाड्यांबद्दल काहीतरी तावातावाने सांगत होता. मी ठोकळा त्याच्या दातांत दिला, कानात गुलाबी लगदा भरला आणि म्हटलं, "आता पाच मिनिटं गप्प."

मालकीणबाई मागून म्हणाल्या, "याला गप्प करणारी गावातली पहिली बाई तू."

घरी सांगितलं तर नवरा एकदम जेवता जेवता थांबला. त्याला हा गायक माहीत होता. त्याच्या संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी त्याला एक गाणं ऐकवलं होतं. त्यात आउसलेंडरबेहोर्डं, म्हणजे परदेशी लोकांच्या परवान्यांची कचेरी, तिथल्या बोळात टांगलेलं नंबर दाखवणारं यंत्र बोलतं. दिवसभर कोण कोण आपल्याकडे डोळे लावून बसलं होतं, ते सांगतं. नवऱ्याने ते मला ओळीने तीन वेळा ऐकवलं. माझं जर्मन तेव्हा रॅपच्या वेगाचं नव्हतं, पण तो बोळ मी ओळखला. हिरव्या खुर्च्या, बंद पडलेलं कॉफीचं यंत्र, कागदांचे फोल्डर छातीशी धरलेली माणसं.

"अगं, याला आपली रांग कशी माहीत?" नवरा म्हणाला. "हा तर इथलाच."

पुढच्या खेपेला मी विचारलं. शेजारची बाई एकटी जायला घाबरत होती म्हणून तो तिच्यासोबत दोन-तीनदा जाऊन बसला होता, एवढंच.

नवरा मुळात शांत. पुण्यात शास्त्रीय संगीताच्या मैफलीतही तो मागच्या रांगेत बसायचा आणि दाद मनातल्या मनात द्यायचा. हा माणूस चाळिशीत युथ क्लबच्या तळघरात पोराटोरांच्या गर्दीत उभा राहून रॅप ऐकायला लागला. मी गेले नाही. दिवसभर कानांचं काम करून मला संध्याकाळी पुस्तक लागतं. तो घरी येऊन ओळी समजावून सांगायचा, शब्दकोश काढायचा. त्या गायकाला तो "तुझा कानवाला" म्हणायचा.

दोघांची ओळख दुकानातच झाली. मला न्यायला नवरा आला होता आणि गायक साचा देऊन निघत होता. कौतुक वगैरे बाजूला ठेवून नवऱ्याने आधी चूक काढली. एका गाण्यात असं होतं की भिंग खरं मोठं करून दाखवतं.

"भिंग काही मोठं करत नाही," नवरा म्हणाला. "ते फक्त प्रकाश वळवतं. मोठं दिसतं ते तुमच्या डोळ्यामुळे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गायक मात्र म्हणाला, "गेनाऊ. अगदी बरोबर. हे जास्त चांगलं आहे." पुढच्या कार्यक्रमात ती ओळ बदललेली होती. नवरा घरी आला तो असा, की जणू त्यालाच पारितोषिक मिळालं आहे. त्या दिवसापासून गायक त्याला "हेर डॉक्टर" म्हणायला लागला.

मग तो गायक म्हणून मोठा झाला. वडिलांच्या खिडकीवरचा आल्बम देशभर गाजला. टीव्हीवरच्या चर्चांत त्याला मंत्र्यांच्या शेजारी बसवायला लागले. ज्यांना त्याचं बोलणं टोचलं त्यांची धमक्यांची पत्रं यायला लागली. एकदा आमच्याच दुकानाच्या पत्त्यावर एक आलं, कारण कुठल्याशा मुलाखतीत त्याने आमचा उल्लेख केला होता. मालकीणबाईंनी ते पोलिसांना दिलं आणि त्याला सांगितलं, "पुढच्या वेळी दाताच्या डॉक्टरचं नाव घे." तो बर्लिनला राहायला गेला. पण वर्षातून एकदा, साधारण फेब्रुवारीत, साचे बदलायला आणि कान तपासायला येनालाच यायचा. बर्लिनमध्ये काय कानवाले नाहीत? पण माझे तुकडे कानातून निसटत नाहीत, असं त्याचं म्हणणं.

तपासणी अशी असते. बंद खोलीत बसायचं, हेडफोनमधून बारीक सूर येतात, ऐकू आला की बटण दाबायचं. तो लबाडी करायचा. सूर किती वेळाने येतात त्याचा ठेका त्याला कळायचा आणि ऐकू आलं नाही तरी तो बरोबर त्या क्षणी बटण दाबायचा. मी काचेतून बोट दाखवून दटावायची आणि मधली अंतरं वेडीवाकडी करायची. मग आलेख निघायचा, उजव्या कानाचे लाल गोल, डाव्या कानाच्या निळ्या फुल्या. चार हजार हर्ट्झच्या, म्हणजे उंच पट्टीतल्या, सुराशी दोन्हीकडे एक खळगा. मोठ्या आवाजात काम करणाऱ्यांचा असतो तसा. दर वर्षी किंचित खोल. मी दर वर्षी सांगायची, तो दर वर्षी मान हलवायचा.

पुढे पुढे तो थकलेला दिसायला लागला. एकदा साचा वाळेपर्यंत गप्प बसल्यावर, ठोकळा काढताच म्हणाला, "बोळावरचं ते गाणं आहे ना? लोक त्यावर आता हात वर करून उड्या मारतात. बिअरचा ग्लास हातात, आणि माझ्यापेक्षा मोठ्याने म्हणतात. त्यांच्यातलं कोणीही त्या बोळात कधी बसलेलं नाही." मी म्हटलं, आम्ही बसलोय. तो हसला. "हो. तुम्ही बसला होता. पण तुम्ही कार्यक्रमाला येत नाही." नवे आल्बम निघत होते, सभागृहं पुन्हा लहान होत होती, आणि तेच तेच आता किती वर्षं सांगणार, असं लोकांआधी तोच म्हणायला लागला होता.

त्या वर्षी पानगळीत नवऱ्याचं दुखणं कळलं. स्वादुपिंडाचं. इथल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर पोटाचं चित्र काढलं, त्यावर पेनाने गाठ दाखवली आणि किती महिने ते त्याच्याकडे बघून सांगितलं. मी शेजारी होते. त्या बाईंचा मला फार राग आला. मुंबईत आम्हाला शिकवलं होतं की वाईट निकाल सोबतच्या माणसाला बाहेर बोलावून सांगायचा, पेशंटसमोर चेहरा सरळ ठेवायचा. आणि शिकवायला कशाला लागतं? आमच्या घरात सगळे तसेच. माझ्या काकांना शेवटपर्यंत अल्सर होता. नवरा घरी येताना ट्राममध्ये म्हणाला, "बरं झालं, माझ्याशीच बोलल्या." मला ते पटलं नाही. आजही मी त्या वाक्यापाशी थांबते.

जानेवारीत जाहीर झालं की उन्हाळ्यात नाट्यगृहासमोरच्या चौकात त्या गायकाचा कार्यक्रम आहे, गावात पुष्कळ वर्षांनी. नवऱ्याने पहिल्याच दिवशी दोन तिकिटं काढली आणि फ्रिजवर चुंबकाखाली लावली.

"या वेळी तू यायचंस. खुर्ची मागून घेऊ. चाकाची का असेना."

"अरे, जुलैला अवकाश आहे."

"म्हणूनच लावलीयत ना समोर."

औषधं नको म्हणाला की मी फ्रिजकडे बोट दाखवायची. खाऊन घे म्हटलं तरी तेच. त्या दोन कागदांवर आमचं घर चालू होतं असं म्हटलं तर ते खरंच होईल.

फेब्रुवारीत गायक आला. खोलीत बसला. मी सूर सोडले. या वेळी त्याने लबाडी केली नाही. डाव्या कानाला मी आवाज वाढवत गेले, वाढवत गेले, आणि काचेपलीकडे त्याचा अंगठा बटणावर नुसता ठेवलेला होता. मला वाटलं तार सैल झाली असेल. तार बदलून पुन्हा घेतली. फुल्या आलेखावरून अशा खाली उतरत गेल्या की मागच्या वर्षीच्या कागदाशी त्यांचं काही नातंच दिसेना.

अशा वेळी काय करायचं ते उमेदवारीच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टरकडे पाठवायचं. मोठा आवाज पूर्ण बंद. लवकर उपचार झाले तर कधी कधी थोडं परत येतं.

तो बाहेर आला आणि खुर्चीवर बसत म्हणाला, "खरं सांगा. कसं आहे?"

तो खरं विचारत होता. माझ्या डोळ्यांसमोर फ्रिज होता. मी कागद उपडा ठेवला आणि म्हटलं, "थोडं खाली आलंय. नेहमीसारखंच. जरा विश्रांती घ्या."

"कार्यक्रम करू ना?"

"तुकडे न विसरता घाला," मी म्हटलं.

तो आलेख मागून घ्यायचा नाही. कधीच मागायचा नाही. जाताना नवऱ्याची चौकशी केली. मी सांगितलं, तब्येत जरा नरम आहे. त्या संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "काय म्हणतात कानवाल्याचे कान?" मी म्हटलं, ठणठणीत.

नवरा जूनमध्ये गेला. कार्यक्रमाला साडेतीन आठवडे होते.

तिकिटं मी मालकीणबाईंना दिली. त्या बहिणीला घेऊन गेल्या. मी तोवर कामावर रुजू झाले होते, मागच्या खोलीत घासकाम करत बसायची, कोणाशी बोलावं लागू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी त्या आत येऊन म्हणाल्या, "छान झाला. पण तो सारखा डाव्या कानावर हात धरत होता. त्याला बोलावून घे एकदा." मी बरं म्हटलं. बोलावलं नाही. शोकात होते, हे कारण सगळ्यांना पुरलं असतं. मलाही काही दिवस पुरलं.

ऑक्टोबरमध्ये त्याचा दौरा हॅम्बुर्गला अर्ध्यात थांबला. बातमीत "अनिश्चित काळासाठी" असं लिहिलं होतं. मी ती ट्राममध्ये दुसऱ्याच्या फोनवर, त्याच्या खांद्यावरून वाचली आणि दोन थांबे पुढे गेले.

या मार्चमध्ये तो आला. टोपी नव्हती. खुर्ची अशी फिरवून बसला की उजवा कान माझ्याकडे राहील. डाव्या कानाला यंत्र बसवायचं होतं.

"नवऱ्याचं कळलं," तो म्हणाला. "फार उशिरा कळलं. मला वाईट वाटतं."

मी मान हलवली.

"बर्लिनच्या डॉक्टरांना याआधीची तपासणी बघायची आहे. कान नक्की कधी गेला ते त्यांना कळत नाहीये. मी म्हटलं, गेल्या वर्षी फेब्रुवारीत ठीक होता."

त्याची फाइल माझ्या हातात होती. अकरा वर्षांचे कागद. मी गेल्या फेब्रुवारीचा कागद आधी काढून ठेवू शकले असते. यंत्र बिघडलं होतं म्हणू शकले असते, कोणी विचारलंही नसतं. मी तो त्याच्यासमोर ठेवला, आणि त्याच्या शेजारी आदल्या वर्षीचा.

अकरा वर्षांत त्याला आलेख वाचता यायला लागला होता. त्याने निळ्या फुल्यांवरून बोट खाली नेलं. मग वरची तारीख पाहिली.

"तुम्ही थोडं म्हणाला होतात."

"हो."

"हे थोडं आहे?"

"नाही."

बाहेर ट्राम थांबली, माणसं उतरली. मी सांगायला सुरुवात केली. दुखणं, तिकिटं, फ्रिज, जुलै. त्याने कार्यक्रम रद्द केला असता तर नवऱ्याने औषधं सोडली असती, असं मला वाटलं होतं. सांगताना ते कारण फार लहान वाटत होतं, आणि तरीही तेच कारण होतं. माझं जर्मन मधेच अडखळलं. त्याने वाट बघितली, शब्द पुरवला नाही.

शेवटी म्हणाला, "माझ्या गाण्यांत खोटं बोलणारे सगळे कचेरीतले असतात. टाय लावलेले. तुम्ही तर मला नाताळचं कार्ड पाठवता."

मी दोन्ही कागद सारखे करून ठेवले.

"एक सांगा. तुम्ही मला फोन का नाही केलात?"

"कशासाठी?"

"हेर डॉक्टर आजारी आहेत, त्यांना ऐकायचं आहे, एवढं सांगायला. मी आलो असतो. दोन तासांचा तर रस्ता आहे. तुमच्या स्वयंपाकघरात बसून गायलो असतो. हळू आवाजात. तसं गायला कान लागत नाहीत."

हे मला एकदाही सुचलं नव्हतं. फोन नंबर फाइलच्या पहिल्या पानावर होता. एवढ्या मोठ्या माणसाला आपल्या घरच्या कामासाठी कसं बोलवायचं, त्याला अडचणीत कसं टाकायचं, ही भीड मला इतकी जन्मजात होती की ती भीड आहे हेही कळलं नाही. मागण्याऐवजी मी घेतलं. एका माणसाचा कान न विचारता घेणं मला जमलं, एक गाणं मागणं जमलं नाही.

"मी रागावलोय," तो शांतपणे म्हणाला. "हे इथे बसून कमी होणार नाही." आणि जाकीट घेऊन गेला. यंत्राचं काम तसंच राहिलं.

मालकीणबाईंना मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. म्हणाल्या, "सहा महिने तपासण्या मी करीन. तू मागे साचे कर." ते योग्यच होतं.

आठवड्याने त्याचा मेल आला. दोन ओळींचा, अगदी औपचारिक. सर्व तपासण्यांच्या प्रती बर्लिनच्या पत्त्यावर पाठवाव्यात, पुढचं काम तिथे होईल.

मी अकरा आलेख क्रमाने लावले. प्रत्येकाखाली शेऱ्याची जागा असते. दहा कागदांवर माझ्या अक्षरात काही ना काही होतं. त्या फेब्रुवारीच्या कागदावर जागा कोरी होती. तिथे आता काही लिहिणं म्हणजे पुन्हा खोटं. म्हणून वेगळा कागद घेतला, वर त्या दिवसाची खरी तारीख घातली आणि लिहिलं: डावा कान अचानक खूप खाली गेलेला आढळला. ग्राहकाला त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवणं आवश्यक होतं. मी पाठवलं नाही. ग्राहकाने स्पष्ट विचारलं असताना चुकीचं सांगितलं. यंत्रात दोष नव्हता. खाली सही केली. क्षमेबद्दल एक वाक्य लिहिलं होतं, ते गाळून कागद पुन्हा उतरवला. डॉक्टरला त्याचा उपयोग नव्हता, आणि गायकाकडे ते मागायला मला परत तीच भीड वाटली. या वेळी ती बरोबर होती की नाही, ठरवता आलं नाही.

मालकीणबाईंनी वाचलं आणि दुकानाचा शिक्का मारला.

टपाल कचेरीत माझ्यापुढे चार माणसं होती. माझी पाळी आली तेव्हा खिडकीतल्या माणसाने जाड पाकीट तोललं, पत्ता वाचला आणि विचारलं, "रजिस्टर करायचं? पोचल्याची सही परत हवी का? म्हणजे त्यांनी घेतलं का नाही ते तुम्हाला कळेल."

"रजिस्टर करा," मी म्हटलं. "सही परत नको."